अमेरिकेत काम सुटल्यावर डिसॅबिलिटीचा हक्क कधीपर्यंत टिकतो? आपली तारीख काढण्यापासून अपिलापर्यंत

"दहा वर्षं भरली, चाळीस क्रेडिट झाली, आता सोशल सिक्युरिटीची काळजी मिटली." अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत हे वाक्य कायम ऐकू येतं. क्रेडिट म्हणजे सोशल सिक्युरिटीची कपात झालेल्या कमाईवर मिळणारे गुण, वर्षाला जास्तीत जास्त चार. निवृत्तीच्या पेन्शनपुरतं ते वाक्य बरोबरही आहे. पण त्याच पगारातून, त्याच ६.२ टक्के कपातीतून आपण आणखी एक विमा भरत असतो. आजारपणामुळे किंवा अपघातामुळे काम करणं अशक्य झालं तर महिन्याला पैसे देणारा हा विमा म्हणजे सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स, थोडक्यात एसएसडीआय. चाळीस क्रेडिट झाली म्हणून तो जन्मभर टिकत नाही. काम थांबल्यावर काही काळ चालू राहतो आणि एका ठरावीक तारखेला संपतो. ती तारीख प्रत्येकाची वेगळी असते आणि ती जवळ आली म्हणून सरकारकडून कुणाला आठवण करून दिली जात नाही.

या तारखेला तिथे 'डेट लास्ट इन्शुअर्ड' म्हणतात. कागदपत्रांत आणि वकिलांच्या तोंडी डीएलआय. मुलांसाठी नोकरी सोडलेल्या बायका, ले-ऑफनंतर दोन-तीन वर्षं घरी राहिलेले लोक, स्वतःचा छोटा धंदा करणारे आणि आईवडिलांच्या दुखण्यासाठी पुण्याला-नागपूरला जाऊन राहिलेले लोक, या सगळ्यांनी आपली डीएलआय माहीत करून घेतली पाहिजे. धडधाकट असताना तर जरूर.

आधी एक गैरसमज दूर करू

डीएलआय ही अर्ज करण्याची शेवटची तारीख नव्हे. त्या तारखेला किंवा त्याआधी तुमचं अपंगत्व सुरू झालेलं असलं पाहिजे आणि ते कागदोपत्री दाखवता आलं पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. अर्ज नंतरही करता येतो, अगदी काही वर्षांनीसुद्धा. मात्र तेव्हापासून आतापर्यंत अपंगत्व सलग चालू असावं लागतं. मधेच बरे होऊन पुन्हा काम करू शकत असाल, तर बरं झाल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत अर्ज झालेला हवा.

उलट बाजूही तितकीच खरी. डीएलआयनंतर तब्येत कितीही ढासळली तरी ती ढासळ या हक्कासाठी मोजली जात नाही. आज माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, पण तारीख उलटली त्या दिवशी तो काम करू शकत होता असं कागद म्हणत असतील, तर अर्ज नामंजूर होतो. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत कठोर नियम हाच आहे.

अपंगत्वाची व्याख्याही कडक आहे. आजार किमान १२ महिने टिकलेला किंवा टिकेल असा, नाहीतर मृत्यू ओढवेल असा असावा लागतो, आणि त्यामुळे कुठलंही भरीव कमाईचं काम करता येऊ नये. २०२५ साली 'भरीव कमाई'ची मर्यादा महिना १,६२० डॉलर होती, दृष्टिहीनांसाठी २,७०० डॉलर. अर्धवट अपंगत्वाला एसएसडीआयमध्ये जागा नाही.

पायरी १: कमाईची नोंद उतरवून घ्या

एसएसए डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर 'माय सोशल सिक्युरिटी' खातं उघडा. तिथे वर्षनिहाय कमाईचा तक्ता दिसतो. तो डाउनलोड करा, छापा आणि जुन्या डब्ल्यू-टू फॉर्मशी (मालकाकडून मिळणारं वर्षाच्या पगाराचं पत्रक) एकेक वर्ष ताडून पाहा. नाव बदललेल्या बायकांच्या नोंदीत एखादं वर्ष गळालेलं असू शकतं. मालकाने चुकीचा नंबर कळवला तरी तेच होतं.

चूक सापडली तर लगेच दुरुस्त करून घ्या. त्या वर्षाच्या अखेरीपासून ३ वर्षं, ३ महिने आणि १५ दिवस, एवढ्यात दुरुस्ती मागायची असा सर्वसाधारण नियम आहे. त्याला काही अपवाद आहेत, पण अपवादाच्या भरवशावर राहू नये. दुरुस्तीचा फॉर्म एसएसए-७००८. स्वतःचा धंदा असणाऱ्यांनी हे जास्तच जपायचं, कारण ठरलेल्या मुदतीत टॅक्स रिटर्न भरलं नाही तर त्या वर्षाची क्रेडिट सहसा मिळत नाहीत.

आता या तक्त्यात काय येत नाही ते पाहू. आपल्या लोकांचे बरेचसे हिशेब इथेच चुकतात.

भारतातली नोकरी येत नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीची वर्षं एकत्र धरण्याचा करार नाही. जर्मनी, जपान, कॅनडा, ब्रिटन यांच्याशी तो आहे. त्यामुळे पुण्यात बारा वर्षं भरलेल्या पीएफचा इथे काही उपयोग होत नाही.

एफ-१ व्हिसावर शिकतानाची कमाई सहसा येत नाही, ओपीटीवरच्या, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवरच्या, पगाराचंही तसंच. नॉन-रेसिडेंट असलेल्या विद्यार्थ्यांच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षं ही कपातच होत नाही. तेव्हा हातात चार पैसे जास्त येतात, पण विम्याच्या खात्यात शून्य.

एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा) घरी काढलेली वर्षं अर्थातच येत नाहीत. मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. त्यावर केलेली नोकरी मोजली जाते.

कॅलिफोर्निया, टेक्सास, मॅसॅच्युसेट्स, ओहायो, इलिनॉय अशा काही राज्यांत सरकारी शाळांचे बरेच शिक्षक राज्याच्या वेगळ्या पेन्शन योजनेत असतात आणि त्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जात नाही. दहा वर्षं शाळेत शिकवलं तरी या खात्यात ती नसतात. अशा नोकरीत असाल तर राज्याच्या योजनेतले अपंगत्वाचे नियम वेगळे समजून घ्या.

बेरोजगार भत्ता आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशन (कामावर झालेल्या इजेची भरपाई) हा पगार धरला जात नाही, म्हणून त्याची क्रेडिट नाहीत. रोखीने, नोंद न करता केलेलं काम हिशेबात नाहीच. ओळखीच्या दुकानात, मोटेलात किंवा घरगुती डब्यांच्या धंद्यात "रोख घे, टॅक्सची कटकट नको" असं कुणी सुचवत असेल, तर काय सोडून देत आहोत हे आधी समजून घ्यावं.

पायरी २: क्रेडिट मोजा

वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात. २०२५ साली एका क्रेडिटला १,८१० डॉलरची कमाई लागत होती, म्हणजे चारांना ७,२४० डॉलर. हा आकडा दरवर्षी बदलतो. ही रक्कम वर्षात कधीही कमावलेली चालते. ऑक्टोबरमध्ये रुजू होऊन डिसेंबरपर्यंत तेवढा पगार मिळाला तरी त्या वर्षाची चारही क्रेडिट मिळतात.

वयाची एकतीस वर्षं पूर्ण झालेल्यांना दोन अटी लागू होतात आणि दोन्ही एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात.

पहिली अट आयुष्यभरातल्या एकूण कामाची. एकविसाव्या वर्षानंतरच्या प्रत्येक वर्षाला एक, असा तिचा साधारण हिशेब. बेचाळिशीपर्यंत २० क्रेडिट पुरतात, पन्नाशीला २८ लागतात, साठीला ३८, आणि बासष्टपासून ४०. जास्तीत जास्त चाळीसच.

दुसरी अट अलीकडच्या कामाची. अपंगत्व सुरू झालं ती तिमाही धरून मागच्या ४० तिमाह्यांत, म्हणजे दहा वर्षांत, २० क्रेडिट हवीत. डीएलआय ठरते ती बहुतेक वेळा या अटीमुळे. दहा वर्षांची चौकट दर तिमाहीला एक घर पुढे सरकते. जुनी तिमाही मागून गळते, नवी समोरून आत येते. नव्या तिमाहीला क्रेडिट नसेल तर गळालेली जागा भरत नाही. बेरीज विसाच्या खाली गेली, की आदल्या तिमाहीचा शेवटचा दिवस ही तुमची डीएलआय. म्हणून ती नेहमी ३१ मार्च, ३० जून, ३० सप्टेंबर किंवा ३१ डिसेंबर अशीच निघते.

सरळ उदाहरण घेऊ. समजा एकाने २०११ ते २०२१ सलग नोकरी केली, दरवर्षी चार क्रेडिट मिळवली आणि २०२१ संपताना काम थांबवलं. २०१७ ते २०२६ या दहा वर्षांच्या चौकटीत २०१७ ते २०२१ ची बरोबर २० क्रेडिट बसतात. म्हणजे डीएलआय ३१ डिसेंबर २०२६. २०२७ ची पहिली तिमाही लागली की चौकटीत १९ उरतात. "काम सुटल्यावर पाच वर्षं" हा ठोकताळा इथूनच आला. सलग काम केलेल्यांना तो लागू पडतो, पण मधे खंड पडला की फसवतो.

खंडाचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही, म्हणून एक काल्पनिक बाई घेऊ, वैशाली. तिने २००८ ते २०१२ नोकरी केली. मुलं लहान म्हणून २०१३ ते २०१६ घरी राहिली. २०१७ आणि २०१८ पुन्हा काम केलं आणि मग सोडलं. एकूण २८ क्रेडिट. चाळिशीतल्या बाईला पहिल्या अटीसाठी तेवढी पुरेत. पाच वर्षांच्या ठोकताळ्याने तिची डीएलआय २०२३ ची अखेर येईल. प्रत्यक्षात काय होतं? २०१९ संपताना चौकट २०१० ते २०१९ ची. तीत २०१० ते २०१२ ची १२ आणि २०१७-१८ ची ८ मिळून २० बसतात. पुढच्याच तिमाहीत २०१० ची पहिली तिमाही गळते आणि १९ राहतात. तिची डीएलआय ३१ डिसेंबर २०१९, म्हणजे काम सुटल्यापासून जेमतेम एक वर्ष. चार वर्षांच्या खंडाने नंतरची चार वर्षं खाल्ली.

तुमचा तक्ता असाच तिमाह्यांच्या चौकटी आखून भरून पाहा. मग सोशल सिक्युरिटीच्या १-८००-७७२-१२१३ या नंबरवर फोन करून किंवा जवळच्या कचेरीत जाऊन "माझी डेट लास्ट इन्शुअर्ड कोणती?" एवढंच विचारा. 'क्रेडिट पुरेशी आहेत का' हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर आज होकारार्थी असेल, पण तो होकार किती दिवसांचा, ते या तारखेतूनच कळतं.

एकतिशीच्या आतल्यांचं गणित

चोविसाव्या वर्षाच्या आत अपंगत्व आलं तर मागच्या तीन वर्षांत ६ क्रेडिट पुरतात. चोवीस ते एकतीसमध्ये, एकविसाव्या वर्षापासून अपंगत्वापर्यंत जेवढा काळ गेला त्याच्या निम्म्या काळाची क्रेडिट हवीत. सवलतीचा वाटणारा हा नियम भारतातून शिकायला आलेल्यांना जड जातो. घड्याळ एकविसाव्या वर्षी सुरू होतं, मग तेव्हा तुम्ही सांगलीत इंजिनिअरिंग करत असा की ओहायोत एमएस.

मार्च १९९६ चा जन्म, एमएस, मग ओपीटी, आणि ऑक्टोबर २०२२ पासून एच-१बी असा एक मुलगा धरा. जून २०२५ मध्ये तो गंभीर आजारी पडला. एकविसाव्या वर्षानंतरच्या तिमाह्यांच्या निम्म्याने त्याला १६ क्रेडिट लागतात. त्याच्याकडे २०२२, २३ आणि २४ ची प्रत्येकी चार आणि २०२५ ची दोन, एकूण १४ आहेत. उत्तम पगार, पावणेतीन वर्षं कपात, तरी हक्क नाही. अशा वयातल्यांनी कंपनीच्या लाँग टर्म डिसॅबिलिटी विम्याची चौकट रिकामी सोडू नये. नोकरी लागताना एचआर त्याबद्दल विचारतं आणि बरेच जण न वाचता 'नको' म्हणून टाकतात.

तारीख पुढे सरकवता येते का?

येते, खऱ्या कामाने. पूर्ण वेळ काम झेपत नसेल आणि थोडं झेपत असेल, तर तेवढं करून नोंदवलेलं फार मोलाचं ठरतं. २०२५ चे आकडे पाहा. चार क्रेडिटना वर्षाला ७,२४० डॉलर लागत होते, म्हणजे महिन्याला सहाशेच्या आसपास. भरीव कमाईची मर्यादा होती महिना १,६२०. आठवड्यातले थोडे तास शिकवण्या, ग्रंथालयातलं अर्धवेळ काम, हिशेब लिहून देणं, अशा कामातून क्रेडिट मिळत राहतात आणि ती कमाई सहसा अपंगत्वाच्या दाव्याच्या आडही येत नाही.

वैशालीने २०२० मध्ये ५,६४० डॉलर कमावले असते, तर त्या वर्षाच्या दराने चार क्रेडिट मिळून तिची डीएलआय ३१ डिसेंबर २०२० झाली असती. एका वर्षाच्या अर्धवेळ कामाने एक वर्ष वाढलं असतं.

काम खरंच केलेलं असावं आणि त्यावर टॅक्स भरलेला असावा. नातलगाच्या कंपनीत नावापुरता पगार दाखवणं हा गुन्हा आहे.

पूर्वी कधी तुम्हाला सोशल सिक्युरिटीने अपंग म्हणून मान्य केलं असेल आणि नंतर तुम्ही बरे होऊन कामाला लागला असाल, तर तो मान्य काळ चौकटीतून वगळता येतो. फोनवर बोलताना हे आवर्जून सांगा.

पायरी ३: आजार कधी सुरू झाला ते ठरवा

अर्जात एक तारीख लिहावी लागते: काम करणं अशक्य झालं तो दिवस. निदानाचा दिवस आणि हा दिवस बहुतेक वेळा वेगळे असतात. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, संधिवात, तीव्र नैराश्य हे आजार हळूहळू येतात. वैशालीला २०१८ च्या नोव्हेंबरात पायाला मुंग्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, २०१९ मध्ये दोनदा पडली, आणि निदान झालं २०२१ मध्ये. निदान डीएलआयनंतरचं असलं तरी दावा तिथेच संपत नाही. ३१ डिसेंबर २०१९ च्या आत तिची अवस्था काम न करता येण्याइतकी बिघडली होती का, हा खरा प्रश्न. आजार असणं वेगळं, त्याने काम थांबणं वेगळं. दुसरं सिद्ध करावं लागतं.

नोकरी सोडल्याचा दिवस डोळे मिटून टाकू नका. ले-ऑफ मार्चमध्ये आणि प्रकृती बिघडली ऑगस्टमध्ये असेल, तर ऑगस्टच लिहा. नोंदींशी न जुळणारी तारीख संपूर्ण दाव्यावरचा विश्वास घालवते. मधे पुन्हा काम करून पाहिलं आणि आजारामुळे सहा महिन्यांच्या आत सोडावं लागलं, तर त्याला 'अनसक्सेसफुल वर्क अटेम्प्ट' मानतात आणि ते सहसा तुमच्या विरुद्ध जात नाही. तसं लिहा, लपवू नका.

वयही डीएलआयच्या दिवशीचं धरतात. पन्नास आणि पंचावन्न या टप्प्यांवर नियम बरेच सैल होतात. डीएलआयला ४९ वर्षांचा असलेला माणूस आज ५६ चा असला तरी त्या सवलती त्याला मिळत नाहीत.

पायरी ४: त्या तारखेआधीचे कागद जमवा

सगळी मेहनत इथे आहे. अर्जानंतर सोशल सिक्युरिटी कधी कधी स्वतःच्या डॉक्टरकडून तपासणी करवते, पण आजची तपासणी आजचं सांगते. पाच वर्षांपूर्वीचं सांगायला पाच वर्षांपूर्वीचा कागदच लागतो.

डॉक्टरांच्या भेटींच्या नोंदी, एमआरआय, रक्ताचे अहवाल, फिजिओथेरपीच्या नोंदी, इमर्जन्सी रूमचे कागद, समुपदेशकाच्या नोंदी, हे सगळं मागवा. दवाखाने जुन्या नोंदी कायम ठेवत नाहीत. किती वर्षं ठेवायच्या हे राज्याराज्यांत वेगळं आहे आणि डॉक्टर निवृत्त झाले, दवाखाना विकला गेला, की शोध अवघड होतो. ऑनलाइन पोर्टलवरचा सारांश पुरेसा नाही. डॉक्टरांनी लिहिलेली पूर्ण नोंद मागा.

तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्या. "हे पेशंट अपंग आहेत" या वाक्याने फार काही होत नाही, कारण तो निर्णय सोशल सिक्युरिटीने घ्यायचा असतो. पत्रात काय करता येत होतं आणि काय नव्हतं ते यावं: किती वेळ सलग बसता येत होतं, किती वजन उचलता येत होतं, महिन्यातून किती दिवस कामावर येणं जमलं नसतं. आणि हे सगळं डीएलआयच्या आधीच्या काळाबद्दल, तेव्हाच्या नोंदींचा आधार देऊन. डॉक्टरांनी मागे वळून दिलेलं असं मत विचारात घेतलं जातं.

भारतात घेतलेल्या उपचारांचे कागद विसरू नका. सुट्टीत जाऊन पुण्यात केलेला एमआरआय, कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, नागपूरच्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड. आपल्याकडे फाइल पेशंटच्याच हाती देतात, त्यामुळे ती बहुधा कुठल्यातरी कपाटात आईने जपून ठेवलेली असते. मागवून घ्या.

पण ती पाठवण्याआधी तारखा पाहा. भारतीय अहवालावर ०५/०३/२०१९ लिहिलेलं असतं तेव्हा तो ५ मार्च असतो. अमेरिकन अधिकारी त्याला ३ मे वाचेल. तुमची डीएलआय ३१ मार्च २०१९ असेल, तर सगळ्यात भक्कम पुरावा नुसत्या वाचनाने तारखेबाहेर जाईल. प्रत्येक भारतीय कागदाला वेगळी पुरवणी जोडा आणि तीत महिना अक्षरात लिहा. मूळ कागदावर खाडाखोड करू नका. मराठीत किंवा हिंदीत लिहिलेल्या मजकुराचं भाषांतर सोबत द्या.

घरच्यांची, शेजाऱ्यांची, जुन्या सहकाऱ्यांची लेखी निवेदनंही चालतात. नवरा, बहीण किंवा मैत्रीण 'थर्ड पार्टी फंक्शन रिपोर्ट' भरू शकते. त्यात ठोस लिहा. "तिला फार त्रास व्हायचा" यापेक्षा "२०१९ च्या दिवाळीत तिला चकल्यांचा सोऱ्या दाबता येईना, सगळा फराळ मी केला" हे वाक्य कितीतरी जड आहे, कारण त्यात वर्ष आहे, हाताची ताकद आहे आणि पाहणारा माणूस आहे. आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात आणि डॉक्टरांनी विचारलं तर "ठीक आहे" म्हणतात. तेच "ठीक आहे" नोंदीत उतरतं आणि वर्षांनंतर त्यांच्याच विरुद्ध उभं राहतं. डॉक्टरांना खरं सांगा, तेव्हाच्या तेव्हा.

पायरी ५: अर्ज

ऑनलाइन, फोनवर किंवा कचेरीत, कुठेही अर्ज करता येतो. वैद्यकीय निर्णय राज्याचं डिसॅबिलिटी डिटर्मिनेशन सर्व्हिसेस हे खातं घेतं. कामाच्या इतिहासाचा एक वेगळा फॉर्म येतो, एसएसए-३३६९. पूर्वी त्यात मागच्या पंधरा वर्षांच्या नोकऱ्या लिहाव्या लागत. २२ जून २०२४ पासून पाचच वर्षं पाहतात आणि तीस दिवसांपेक्षा कमी टिकलेली नोकरी धरत नाहीत. हुद्दा लिहून थांबू नका. 'असिस्टंट मॅनेजर' वाचून टेबलावरचं काम वाटतं, पण प्रत्यक्षात दिवसभर उभं राहून खोकी उचलावी लागत असतील तर तसं लिहा, कारण तुम्ही जुन्या कामावर परत जाऊ शकता का हे या वर्णनावरून ठरतं.

उशिरा अर्ज केल्याने पैशांचं नुकसान होतं ते वेगळं. मागची थकबाकी अर्जाच्या आधी जास्तीत जास्त १२ महिन्यांचीच मिळते. अपंगत्व सुरू झाल्यावर पहिले पाच पूर्ण महिने पैसे मिळत नाहीत. एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराच्या रुग्णांना यातून सूट आहे. अपंगत्व २०१९ चं असलं आणि अर्ज ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तर पैसे फार तर ऑगस्ट २०२४ पासून. मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा एसएसडीआयचा हक्क सुरू झाल्यापासून २४ महिन्यांनी मिळतो, त्यामुळे तोही लांबतो.

पायरी ६: नकार आला तर नवा अर्ज करू नका, अपील करा

पहिल्या अर्जाला नकार येणं नेहमीचं आहे. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करायचं असतं. टपालासाठी पाच दिवस जास्तीचे धरतात. आधी फेरविचार, मग न्यायाधीशापुढे सुनावणी, मग अपील्स कौन्सिल आणि शेवटी फेडरल न्यायालय, अशा चार पायऱ्या आहेत.

नकाराने खचून लोक पत्र खणात ठेवून देतात आणि वर्षा-दोन वर्षांनी नव्याने अर्ज करतात. डीएलआय पुढे असेल तर ते एकवेळ खपतं. डीएलआय उलटलेली असेल तर दार जवळजवळ बंद होतं. पहिल्या निर्णयाने डीएलआयपर्यंतचा सगळा काळ तपासलेला असतो, अपील न केल्याने तो अंतिम झालेला असतो, आणि त्याच काळाबद्दल पुन्हा विचार करायला सोशल सिक्युरिटी नकार देऊ शकते. जुनं प्रकरण पुन्हा उघडता येतं: पहिल्या निर्णयाच्या सूचनेपासून १२ महिन्यांच्या आत कुठल्याही कारणाने, आणि चार वर्षांपर्यंत नवा महत्त्वाचा पुरावा असं सबळ कारण असेल तर. पण ते मिळेलच असं नाही. ६० दिवसांचं अपील हा तुमचा हक्क आहे.

वकील करायला आधी पैसे लागत नाहीत. दावा जिंकला तरच थकबाकीच्या २५ टक्के फी मिळते आणि नेहमीच्या करारात २०२५ साली तिला ९,२०० डॉलरची मर्यादा होती. पहिल्याच भेटीत डीएलआय विचारतो तो वकील कामाचा.

तारीख उलटून गेली असेल तर

दृष्टी कायद्याच्या व्याख्येइतकी गेलेली असेल, तर अलीकडच्या कामाची अट लागू होत नाही. एकूण क्रेडिट पुरतात. जोडीदार वारला असेल आणि तुमचं वय ५० ते ५९ असेल, तर त्याच्या खात्यावर अपंग विधवा किंवा विधुर म्हणून हक्क असू शकतो. त्यासाठी अपंगत्व सहसा मृत्यूनंतरच्या सात वर्षांत सुरू व्हावं लागतं. बाविसाव्या वर्षाआधी अपंगत्व आलेल्या अविवाहित मुलाला आई किंवा वडील निवृत्त झाल्यावर, अपंग झाल्यावर किंवा वारल्यावर त्यांच्या खात्यावर मिळू शकतं. त्याच्या स्वतःच्या क्रेडिटची गरज नाही. विशेष गरजांच्या मुलांच्या आईवडिलांनी हा नियम लक्षात ठेवून मुलाचे बाविशीआधीचे वैद्यकीय आणि शाळेचे कागद सांभाळावेत.

एसएसआय ही गरजूंसाठीची वेगळी योजना. तिला कामाचा इतिहास लागत नाही, पण मालमत्ता एकट्याला २,००० आणि जोडप्याला ३,००० डॉलरच्या आत हवी. राहतं घर आणि एक गाडी त्यात धरत नाहीत. नागरिक नसलेल्यांना तिच्या अटी फार कडक आहेत.

भारतात परतलेल्यांसाठी

अमेरिकेतली चौकट तुम्ही पुण्यात असलात तरी सरकत राहते, आणि भारतातल्या पगाराने ती भरत नाही. २०२१ अखेरीस परतलेल्या त्या पहिल्या उदाहरणातल्या माणसाला नाशकात २०२५ मध्ये पक्षाघात झाला आणि काम कायमचं थांबलं, तर तो डीएलआयच्या आत आहे आणि परदेशातूनही अर्ज करू शकतो. अमेरिकन नागरिक नसलेल्यांना देशाबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिल्यावर पैसे चालू ठेवण्यासाठी वेगळ्या अटी आहेत, त्या अर्जाच्या वेळीच विचाराव्यात. निघण्यापूर्वी कमाईचा तक्ता, सगळे डब्ल्यू-टू, शेवटच्या दोन-तीन वर्षांच्या पूर्ण वैद्यकीय नोंदी आणि फोनवर विचारून घेतलेली डीएलआय एका फाइलमध्ये घाला, आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.